गस्ती जहाजावरची झडतीची बोट: बाजूचा डेव्हिट की मागचा उतार?

धागाकर्ता
सागरी सुरक्षा संस्थेसाठीच्या ६०-७० मीटर लांबीच्या बहुउद्देशीय गस्ती जहाजांचे दोन आराखडे ताडून पाहतोय. कामं तीच: संशयित होड्यांची झडती, बुडणाऱ्यांची सुटका, आग विझवणं. साडेसात मीटरची रिब बोट (कडेला हवेच्या नळ्या असलेली कडक तळाची बोट) एकात उजव्या बाजूच्या डेव्हिटवर, म्हणजे बोट टांगून पाण्यात सोडणाऱ्या यारीवर आहे, दुसऱ्यात मागच्या उतारावर, म्हणजे पिछाडीतून पाण्यात जाणाऱ्या घसरणीवर. उतार चित्रात झकास दिसतो. खवळलेल्या पाण्यात नेमकं काय अडतं?

नांगरगडी
आधी डेव्हिट. जहाज थांबवून बोट सोडायची नाही. थांबलेलं जहाज लाटांना आडवं होतं, डोलतं, आणि बोट कुशीवर आपटते. लाटा नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) एका बाजूने २०-३० अंश तिरक्या घ्या, बोट आडोशाच्या बाजूला ठेवा, वेग ४-५ नॉट. पेंटर, म्हणजे बोटीच्या नाळेचा दोर, जहाजावर बराच पुढे बांधलेला हवा.

बोटीचं इंजिन टेकण्याच्या जरा आधी सुरू करायचं. समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं असेल तर हवेत फक्त काही सेकंद, नाहीतर पंपाचा रबरी इंपेलर जातो. बोट लाटेच्या माथ्यावर टेकवा, लगेच दोर सैल सोडा, मग हूक काढा. दोर सैल नसेल तर लाट खाली गेली की बोट हवेत लटकते, आणि पुढच्या झटक्याला हूकपासून विंचपर्यंत (दोर गुंडाळणाऱ्या यंत्रापर्यंत) सगळं ताणलं जातं. डेव्हिटला सतत ताण राखणारी विंच आहे का, हे म्हणूनच पहिलं विचारा.

दोन हूक असतील तर आधी मागचा, मग पुढचा. बोट परत घेताना उलट. सोडताना पेंटर सगळ्यात शेवटी. सुटल्यावर सुकाणू झटकन बाहेर वळवलं तर बोटीची पिछाडी जहाजाकडे फेकली जाते. नाळ किंचित बाहेर ठेवून आधी वेग घ्यायचा.

पिछाडी_पाहणारा
उतारात लटकतं वजन आणि झुलणारा हूक नाही, बाजूला उभं राहणारं कोणी नाही, बोट मिनिटभरात बाहेर. खरी अडचण उंबरठ्यावर, म्हणजे उताराच्या खालच्या टोकावर, पाणी किती, याची. जहाज पुढेमागे डुलायला लागलं की उताराचं टोक कधी पाण्याबाहेर, कधी बरंच खाली. टोक वर असताना बोट आत शिरली तर तळ धडकतो. त्यामुळे बोटवाला मागे थांबून दोन-तीन लाटांची लय बघतो आणि टोक बुडताना ताकद लावून आत येतो. अर्धवट वेगाने येणं सर्वांत वाईट.

दुसरं, जहाजाच्या पंख्यांनी घुसळलेल्या फेसाळ पाण्यात बोटीच्या वॉटरजेटची (पाण्याचा झोत मागे फेकून बोट ढकलणाऱ्या यंत्राची) पकड सुटते, तीही नेमकी शेवटच्या दहा मीटरांत. शिवाय उताराच्या तोंडावरच्या दरवाज्याचे हायड्रॉलिक सिलिंडर कायम खाऱ्या पाण्यात. दरवाजा अडकला तर बोट आतच, म्हणून एक छोटा डेव्हिट तरी ठेवाच. अमेरिकी तटरक्षक दलाच्या लेजंड वर्गाच्या मोठ्या जहाजांवर दोन्ही सोयी आहेत.

धागाकर्ता
आधी डेव्हिट घेऊन नंतर मागे उतार जोडता येईल?

नांगरगडी
शक्यतो नको. त्याच दलाने ११० फुटी आयलंड वर्गाच्या ८ नौका मागे उतार बसवण्यासाठी १३ फुटांनी वाढवल्या. लांबी वाढली की कण्याला वाकवणारा ताण वाढतो. २००४ मध्ये मॅटागोर्डाचा सांगाडा वाकला आणि २००६ मध्ये आठही नौका सेवेतून काढाव्या लागल्या. पुढच्या सेंटिनल वर्गात उतार मूळ आराखड्यातच आहे. वर हेलिकॉप्टर डेक असेल तर उताराची उंची आणि डेकची उंची यांचं भांडण आधीच मिटवा.

दोरखंड
निगेचं राहिलं. सोलास (समुद्रातील जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) सरकारी जहाजांना सहसा लागू नसतो, तरी माप म्हणून तोच धरा: डेव्हिटचे तारदोर जास्तीत जास्त ५ वर्षांनी बदलायचे, खराब दिसले तर आधीच, विंचचा ब्रेक ५ वर्षांनी १.१ पट वजनावर तपासायचा. तार शिवेजवळ, म्हणजे कप्पीवरून वळते तिथे, आतून कुजते. वरून ग्रीस चकाकतं म्हणून फसू नका.

अग्निशमनाचा मुद्दा वेगळा आहे, पण डेव्हिट आणि पाण्याच्या तोफा एकाच बाजूला आल्या तर तोफेच्या आड बोट येते. फाय-फाय १ या जहाजांच्या अग्निशमन दर्जाला दोन तोफा मिळून ताशी २,४०० घनमीटर पाणी लागतं. तुमच्या दोन्ही आराखड्यांत तोफा कुठे आहेत?