फराळाच्या तळणीत कढई पेटली तर नेमके काय करावे?

शहापूरची सून (बेळगाव)

गेल्या दिवाळीत आमच्या शहापूरच्या जुन्या घरात चकल्या तळण्यासाठी तापत ठेवलेले तेल पेटले. पुण्या-मुंबईचे नातलग येणार म्हणून आम्ही मोठ्या कढईत तीन लिटर तेल ओतले होते. दाराशी पाहुणे आले म्हणून मी सोप्यावर गेले आणि बोलण्यात पंधरा-वीस मिनिटे निघून गेली. परतले तेव्हा कढईवर ज्वाळा नाचत होत्या. जाऊबाईंनी घाबरून तांब्याभर पाणी ओतले, तशी ज्वाळा थेट आढ्याला भिडली आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. पाण्याने आग विझण्याऐवजी भडकली कशी? यंदा घरात अग्निशामक नळकांडे घ्यावे का, आणि घ्यावे तर कोणते?

भट्टीवाला (निपाणी)

मी लग्नकार्यांत स्वयंपाकाची कामे घेतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तेल १७० ते १८० अंशांवर तळणीला योग्य असते, धूर सुटला की ते धोक्याच्या वाटेला लागलेले असते, आणि साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे ते ठिणगी न लागताही आपोआप पेटते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी जाते, क्षणात वाफ होते, आणि त्या वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा लागत असल्याने ती जळते तेल थेंबाथेंबांनी हवेत उडवते. तुमच्या आढ्याला भिडलेली ज्वाळा हीच होती.

अशा वेळी हात पोहोचत असेल तर आधी गॅस बंद करावा, आणि मग कढईपेक्षा मोठे ताट किंवा परात ढालीसारखी पुढे धरून आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर बसवावी. ज्वाळांतून हात घालून बटण फिरवावे लागणार असेल, तर आधी झाकावे. त्यानंतर झाकण उचलून पाहण्याचा मोह आवरावा, कारण तेल तितकेच तापलेले असते आणि हवा मिळताच ते पुन्हा पेटते. ते पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे तासभर तरी, हात लावू नये. पेटलेली कढई उचलून परड्यात नेणे हा तर सर्वांत वाईट उपाय आहे. झाकल्यानेही ज्वाळा आवरत नसतील, तर सगळ्यांनी बाहेर पडून १०१ किंवा ११२ वर कळवावे.

एक गोष्ट आपल्या भागात विसरली जाते. घाण्याचे शेंगतेल चवीला उत्तम असले तरी ते रिफाइंड तेलापेक्षा लवकर धुरावते, आणि कालच्या करंज्यांचे उरलेले तेल त्याहूनही लवकर. कढई अर्ध्यापेक्षा अधिक भरू नये. चिवड्याचे जाड पोहे पडले की तेल फसफसून काठावर येते आणि ओघळ थेट शेगडीवर उतरतो.

चूल आणि परडे (खानापूर)

आमच्याकडे अनारसे अजून परड्यातल्या चुलीवर होतात. ओल्या लाकडांमुळे जाळ एकदम मंदावतो, आणि मग फुंकणीने फुलवला की एकदम वाढतो, म्हणून तळणाऱ्याने जागा सोडायची नाही आणि पदर कमरेला खोचायचा, हा घरचा नियम आहे. एक विचारते: कुणी पीठ टाका म्हणते, ते बरोबर आहे का?

भट्टीवाला (निपाणी)

मुळीच नाही. पिठाची धूळ स्वतःच पेटते. हाताशी मीठ किंवा खायचा सोडा असेल तर अगदी लहान ज्वाळेवर तो चालतो, परंतु तीन लिटरच्या कढईसाठी झाकणच हवे. नळकांड्याबद्दल सांगायचे तर पेटत्या तेलासाठी एफ वर्गाचे, म्हणजे ओल्या रसायनाचे घ्यावे. पाण्याचे नळकांडे कढईवर कधीही मारू नये, आणि कोरड्या पावडरीचा जोरदार झोत जवळून मारल्यास तेलच बाहेर उडते.

गणेशपूरचा रहिवासी

गॅसबद्दल थोडे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो, म्हणून शेगडी ओट्यावर आणि सिलिंडर खाली, तोही उभाच ठेवावा. वास आला तर पणती विझवावी, विजेचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नये, दारे-खिडक्या उघडून रेग्युलेटर बंद करावा आणि १९०६ वर बाहेरून फोन करावा. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी. आमच्याकडे सणाच्या आदल्या दिवशी ती आठवते, हे कबूल करतो. भाजले तर बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढून भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये.

शहापूरची सून (बेळगाव)

सर्वांचे आभार. आज जाऊबाईंबरोबर घरातली सगळ्यांत मोठी परात त्या कढईवर उपडी घालून पाहिली, तर ती चहूबाजूंनी दोन बोटे अपुरी पडली. फराळाचे तेल आणण्याआधी, रविवारी, मोठी परात विकत आणणार आहोत.