मदत हवी आहे: पुराआधीची तयारी आणि सासूबाईंचं इन्सुलिन

नमस्कार मंडळी,
आम्ही सांगलीत कृष्णाकाठच्या सखल भागात तळमजल्यावर राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. म्हणून यंदा पाऊस धरायच्या आतच सगळी तयारी करून ठेवायची आहे.

सर्वांत मोठी काळजी सासूबाईंच्या इन्सुलिनची. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि पूर आला की वीज पहिली जाते. ओल्या वाळूत मडकं ठेवून त्यात कुप्या ठेवल्यात का कुणी? किती दिवस टिकल्या? थंड पिशवी घेतली असेल तर बर्फाला चिकटून औषध गोठू नये म्हणून काय करता? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण प्रत्यक्ष अनुभव हवा आहे.

दुसरं, निघायचं कधी? पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. सासूबाईंना चालवत नाही, रस्त्यावर पाणी आल्यावर त्यांना हलवणं अवघड. तुम्ही पुलाचा आकडा बघून निघता की कोयनेतून विसर्ग वाढल्याचं कळताच?

खरेदीखताची मूळ प्रत जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून नातेवाइकांकडे वरच्या मजल्यावर ठेवतेय. गॅस सिलिंडर मात्र कळत नाही: साखळीनं बांधावा की सोबत न्यावा?

ज्यांनी म्हातारं माणूस घेऊन घर सोडलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.