मदत हवी आहे: क्लेम नामंजूर झालाय, फेरविचार मागू की थेट अपील?

नमस्कार मंडळी, कामावर जड पेटी उचलताना नवऱ्याचा खांदा गेला, भरपाईचा क्लेम टाकला तर परवा नामंजुरीचं पत्र हातात. कारण काय तर म्हणे दुखणं जुनंच, वयामुळे झीज. त्यांच्या डॉक्टरने दहा मिनिटं हात वरखाली करायला लावला आणि लिहून मोकळा! आम्ही एमआरआय जोडला होता त्याचा पत्रात उल्लेखसुद्धा नाही.

फेरविचारात नवीन कागद देता येतात आणि अपिलात बऱ्याचदा जुन्याच रेकॉर्डवर बघतात असं ऐकलंय, म्हणजे आमच्या डॉक्टरांचं पत्र आत्ताच घुसवायला हवं ना? पण फेरविचार चालू असताना अपिलाची मुदत थांबते की तिकडे घड्याळ चालूच? आणि मुदत पत्रावरच्या तारखेपासून धरायची की मिळाल्यापासून, कारण पत्र नऊ दिवस उशिरा आलंय (पाकीट शिक्क्यासकट जपून ठेवलंय). डॉक्टरांकडून 'झीज आधी असली तरी त्या उचलण्याने ती बळावली' एवढं लिहून घेतलं तर पुरे का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, नवरा तर म्हणतोय जाऊ दे सगळं.