आजीला 'बा' म्हणायचं का?

दांडियाबझारकर:
माझा मुलगा शेजारच्या पोरांचं ऐकून माझ्या आईला 'बा' म्हणायला लागलाय. गुजरातीत बा म्हणजे आई नाहीतर आजी, मान्य, पण आपल्यात बा म्हणजे बाप ना! 'बा विठ्ठला' म्हणतो ते काय बाईमाणसाला? चार पिढ्या बडोद्यात काढून घरात मराठी टिकवली, आता 'आजी' एवढा शब्द पण गमवायचा?

रावपुऱ्याची_सून:
विठ्ठलाला बा पण म्हणतो आणि माउली पण, त्याची कधी तक्रार आली नाही 😄 आणि कस्तुरबांना अख्खा देश बा म्हणायचा, 1944 साली त्या पुण्यात गेल्या, तिथे त्यांची समाधी आहे, तिथल्या मराठी माणसाला कळतंच ना बा म्हणजे कोण.

मूळपुरुष:
दोन्ही एकच हो. चिनीत पण वडिलांना बा, व्हिएतनामच्या दक्षिणेत पण बा. सगळं आपल्या संस्कृतातून गेलंय.

नाही_बा:
झालं, आलं संस्कृत! अहो तान्ह्या पोराचे ओठ मिटून उघडले की 'बा' नाहीतर 'मा'च निघतं, जे आधी ऐकू येतं ते आईबाप आपल्याला लावून घेतात, एवढंच. त्याच चिनीत सूर बदलला की बा म्हणजे आठ, आणि व्हिएतनामीत बा म्हणजे तीनसुद्धा, मग तेही संस्कृत का? कानडी माणूस 'बा' म्हणतो म्हणजे 'ये', भोजपुरीवाला 'का हाल बा' विचारतो त्यात बा म्हणजे 'आहे', आणि बाकायदा, बाइज्जत मधला बा फारसी, म्हणजे 'सह'. आवाज एक म्हणून नातं एक होत नाही. आपल्या बापाचं म्हणाल तर प्राकृतात 'बप्प' सापडतो, तिथवर ठीक.

कमाटीबाग_फेरी:
जुन्या इजिप्तमध्ये पण बा होता बरं का, माणसाच्या तोंडाचा पक्षी, मेलेल्याचा आत्मा, देहाकडे परत येणारा. आपल्या म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांनी आणलेली ममी आहे, तिचा बा बडोद्याला पोचला असेल का कोण जाणे.

दांडियाबझारकर:
विषय कुठे नेताय. ओठ, पक्षी, आठ, सगळं खरं असेल, मला घरात 'आजी' ऐकायचंय.

रावपुऱ्याची_सून:
बरं, तुम्ही स्वतः आईला काय हाक मारता?

दांडियाबझारकर:
मम्मी. पण तो मुद्दा वेगळा.