तांब्याची तार वाकवून वाकवून कडक का होते?

साखळीकर: चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात ती चौकट) फळं बांधायला घरात उरलेली जाडी तांब्याची तार घेतली. पहिल्यांदा सहज वळली, पण त्याच जागी उलटसुलट केली तशी कडक होत गेली आणि शेवटी तुटलीच. दुसरा तुकडा गॅसवर लाल करून थंड केला तर परत मऊ! त्यात घातलं काही नाही, काढलं काही नाही, मग बदललं काय?

फोंड्याचा मेकॅनिकल: आतली रचना बदलली. तांब्यात अणू थराथराने रचलेले असतात, अशा रचनेला स्फटिक म्हणतात, पण मध्येच कुठेतरी एखादा थर अर्ध्यातच संपतो, त्या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. तार वाकते तेव्हा अख्खा थर एकदम सरकत नाही, हा दोष एकेक ओळ करत पुढे जातो, म्हणून तर हाताने वळते. बिनदोष स्फटिकाला गणिताप्रमाणे हजारपट वगैरे जोर लागायला हवा, मग प्रत्यक्षात एवढा कमी का पुरतो याचं उत्तर १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी आपापलं स्वतंत्र काढलं. आता गंमत बघ, वाकवताना हे दोष हजारो पटींनी वाढतात, एकमेकांत अडकतात आणि कोणालाच सरकायला वाट राहत नाही, झाली तार कडक. लाल केलीस की तार ज्या बारीक स्फटिकांची बनलेली असते त्या जुन्या कणांच्या जागी नवे, कमी दोषांचे कण तयार होतात. आणि हो, गरम तार पाण्यात बुडवली तरी चालते, पोलादासारखं तांबं त्याने कडक होत नाही.

साखळीकर: मस्त रे! म्हणजे दोष आहेत म्हणून मऊ आणि जास्त झाले म्हणून कडक? मग अशा तारेतून करंट कमी जातो का?

फोंड्याचा मेकॅनिकल: अगदी थोडा कमी. करंट वाहून नेण्यात मऊ तांबं १०० धरलं तर ओढून कडक केलेलं साधारण ९७. भेसळीने जास्त नुकसान होतं, चिमूटभर फॉस्फरस आला तरी पुष्कळ फरक पडतो.

डिचोलीवाली: पितळेचं पण सांगा ना कोणी. ब्रिटिश काळात आपल्याकडे पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवायचे तर आपोआप तडे जायचे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि धातू ओढताना आत राहिलेला ताण, तिन्ही जुळून यायचं. बनवल्यावर थोडं तापवलं की ताण जातो. म्हणून पत्र्याच्या पितळी भांड्यांना अमोनियावालं क्लीनर नको, चिंच बरी. ओतीव समईला धोका कमी. आणि साखळीकर, तार गॅसवर धरण्याआधी वरचं प्लास्टिक सोललं होतंस ना?