मदत हवी आहे: ऑरलँडोचं हार्ड रॉक कॅफे, सासऱ्यांचं श्रवणयंत्र आणि बिनअंड्याचं जेवण

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत ऑरलँडोला जातोय. मुलगा गिटार शिकतो, त्यामुळे युनिव्हर्सल सिटीवॉकमधल्या (युनिव्हर्सलच्या थीम पार्कांबाहेरचा खाण्याफिरण्याचा भाग) हार्ड रॉक कॅफेत एकदा जेवायचंच आहे. 1971 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या या रेस्टॉरंट-साखळीत भिंतीवर लावलेली पहिली गिटार प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टनची, हे तो येईल-जाईल त्याला सांगतो. बारच्या वर फिरणारी गुलाबी कॅडिलॅक गाडीही त्याला बघायचीय.

अडचण सासऱ्यांची. त्यांना श्रवणयंत्र आहे. मोठ्या आवाजात ते यंत्र काढून ठेवतात आणि मग जेवणभर गप्प बसतात. ते मला नकोय. शिवाय ते शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही.

सिटीवॉकला पार्कचं तिकीट लागत नाही, ते माहीत आहे. संध्याकाळी 6 नंतर एरवी पार्किंग मोफत असतं, पण तेव्हाच गर्दी आणि आवाज वाढणार. म्हणून पार्किंगचे पैसे भरून दुपारी जायची तयारी आहे. मेनू वेबसाइटवर पाहिला, पण बनमध्ये किंवा सॉसमध्ये अंडं आहे का, व्हेज पॅटी मांसाच्याच तव्यावर भाजतात का, हे त्यावरून कळत नाही. घरून डबा नेऊन तिथे बसणं मला पटत नाही.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: दुपारी 3 च्या सुमारास स्पीकरपासून लांबचं टेबल मागितलं तर देतात का, आणि तवा वेगळा वापरा म्हटलं तर ऐकतात का?