चिंचेच्या झाडाच्या नोंदी समाजमाध्यमावर द्यायच्या आहेत. कोणते सेन्सर घ्यावेत?

प्रश्न (लातूरहून एक शिक्षक):
आमच्या शाळेच्या आवारात चिंचेचे जुने झाड आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने शहराला पाणी आणावे लागले, तेव्हाही ते तगले. मात्र त्या काळात त्याने काय सोसले याची एकही नोंद आमच्याकडे नाही. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्टमध्ये एका रेड ओक वृक्षावर उपकरणे बसवून २०१९ पासून त्याच्या नोंदी, जणू वृक्षच बोलत आहे अशा भाषेत, ट्विटरवर दिल्या जाऊ लागल्या. तसे काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे अशी मनापासून इच्छा आहे. तापमान, आर्द्रता आणि मातीतील ओलावा मोजणारे सेन्सर घेण्याचे ठरवले आहे. एवढे पुरेल काय?

उत्तर (परभणी):
सर, हवेचे तापमान ही परिसराची माहिती झाली, झाडाची नव्हे. झाडाची अवस्था खोडातून कळते. दिवसा पानांवाटे जितके पाणी उडते तितके मुळे त्याच वेगाने पुरवू शकत नाहीत, म्हणून खोड किंचित आकसते आणि रात्री पाणी भरून आले की पुन्हा फुगते. मिलिमीटरच्याही अंशात असलेला हा फरक डेंड्रोमीटर टिपतो. सलग काही दिवस पहाटेची जाडी आधीच्या पातळीवर परतली नाही, तर झाडाला पाणी कमी पडत आहे असे समजावे. चिंचेची वरची निर्जीव साल पावसात स्वतःच फुगते. त्यामुळे उपकरण टेकते तेवढ्या जागी ती, आतल्या जिवंत थराला धक्का न लावता, हलकेच खरवडून घ्यावी. रसप्रवाह, म्हणजे खोडातून वर चढणारे पाणी, मोजणाऱ्या सुयांसाठी मात्र खोडाला छिद्रे पाडावी लागतात, आणि जुन्या झाडाला ती इजा करू नये असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (जालना):
आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. सेन्सर आणि माती यांच्यात पोकळी राहिली की ओलाव्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून अधूनमधून शेजारच्या मातीचा नमुना तोलावा, १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवून पुन्हा तोलावा आणि त्या फरकाशी आकडा ताडून पाहावा. मातीतून वीज किती सहज वाहते यावरून ओलावा मोजणाऱ्या रेझिस्टिव्ह सेन्सरची टोके गंजतात, म्हणून मातीची विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
नोंद दर पंधरा मिनिटांनी घ्यावी, पण संदेश दिवसातून एकच द्यावा. टेलिग्रामवर त्यासाठी बॉट, म्हणजे आपोआप संदेश पाठवणारा प्रोग्राम, विनामूल्य चालवता येतो. झाडाने ‘मी’ म्हणून बोलण्यास हरकत नाही. ‘काल रात्री माझे खोड पूर्ण भरले नाही’ हे मोजलेले आहे, ‘मला दुःख झाले’ हे कोणत्याही सेन्सरने मोजलेले नाही, आणि हा भेद विद्यार्थ्यांनी पाळलाच पाहिजे. उपकरण बंद पडले तर तेही त्याच दिवशी कळवावे.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. आधी डेंड्रोमीटर घेतो. तो मे महिन्यातच बसवला, तर कोरड्या दिवसांपासून पहिल्या पावसानंतर खोड भरेपर्यंतची नोंद सलग मिळेल. सुट्टीत मुले नसतील, तोवर रोजची तपासणी मी करीन.